एक पान जास्त

दिवा जरा पुढे सरकवा, म्हणजे मला तुमचे चेहरे दिसतील. ऐकणाऱ्याचा चेहरा समोर असला की सांगणारा कमी थापा मारतो. हा माझ्या जिंकण्याचा दिवस होता, तेव्हा मधूनमधून फुशारकी येईल, ती चालवून घ्या. शेवटचा तुकडा मात्र मी आजवर घरातही सांगितलेला नाही.

मंगळवार होता. सकाळचे साडेदहा. मी मशीनखोलीत गेले होते ती पंख्यांवरची धूळ पुसायला. हातात फडकं, खांद्याला डबा, डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार. आमची मशीनखोली खाणीच्या तोंडाशी, लिफ्टला लागून. जाड भिंती, खिडकी नाही, दिवसा बारा वाजताही ट्यूबलाइट लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. त्या खोलीत एकच जुनं मशीन होतं आणि त्याच्यावर खाणीतले सगळे पंप चालायचे. मी त्याची राखण करायचे, म्हणून खाणीत मला सगळे मशीनबाई म्हणत. आधी राग यायचा, मग सवय झाली.

आमच्या खाणीला पाण्याचा शाप. पंप थांबले तर सगळ्यात खालचा बोगदा अर्ध्या तासात भरतो. म्हणून पद्धत अशी, की खाली उतरणारा प्रत्येक जण आधी दिवेघरातून टोपीचा दिवा आणि आपल्या नंबरचा बिल्ला घेतो. लिफ्टच्या दाराशी एक डबी आहे, तिला बिल्ला टेकवला की टिक असा आवाज होतो आणि माझ्या पडद्यावर आकडा एकाने वाढतो. वर आल्यावर पुन्हा टिक, आकडा एकाने कमी. आकडा शून्य नसेल तोवर पंप पूर्ण जोरात. शून्य झाला की वीज वाचवायला सगळे आपोआप मंदावतात. त्या सकाळी पडद्यावर होतं, ‘खाली: ३१’. त्या एकतिसात माझा धाकटा भाऊ होता, सगळ्यात खालच्या बोगद्यात.

मी फडकं झटकलं आणि तेव्हाच ऐकलं. टक. मग जरा वेळाने खर्रर्र... आणि पुन्हा टक.

हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. डिस्क मरायला लागली की असा आवाज करते. आणि ती डिस्क साधीसुधी नव्हती. आता एवढं समजून घ्या, मग पुढे अडणार नाही. मशीनची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. हाताशी लागतं ते ओट्यावर, लागत नाही ते वर माळ्यावर. ओटा भरला की मशीन कामात नसलेले तुकडे उचलतं आणि डिस्कवरच्या राखीव जागेत नेऊन ठेवतं. त्या तुकड्यांना आम्ही पानं म्हणतो आणि त्या माळ्याला स्वॅप. पान लागलं की पुन्हा खाली काढायचं. आमच्या मशीनचा ओटा टीचभर, त्यामुळे माळा कायम गच्च. आणि आता तो माळाच कोसळत होता.

पंपांच्या प्रोग्रॅमची निम्मी पानं त्या डिस्कवर होती. त्यातलं एखादं लागलं आणि वाचता आलं नाही, तर प्रोग्रॅम जागच्या जागी मरणार. पुन्हा सुरू केला तर तो कोऱ्या पाटीने सुरू होणार. खाली कोणीच नाही असं समजून पंप मंदावणार. मी डबा खाली ठेवला आणि साहेबांना फोन लावला.

साहेब म्हणजे खाणीचे इंजिनियर. पाच मिनिटांत धापा टाकत आले. त्यांनी आधी सगळ्यांना वर बोलवायचा हुकूम दिला, हे त्यांचं शहाणपण. पण लिफ्ट एका वेळी आठ जणांना घेते, खालच्या बोगद्यातून लिफ्टपर्यंत चालायलाच वेळ लागतो. एकतीस माणसं वर यायला चाळीस मिनिटं तरी हवीत. मग त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, “बंद करून चालू करून बघू या का एकदा?”

“नऊ वर्षांपूर्वी तेच केलं होतं,” मी म्हणाले.

ती गोष्ट खाणीत सगळ्यांना ठाऊक होती. माझ्या आधी जो गडी मशीन सांभाळायचा, त्याने एका दुपारी मशीन अडलं म्हणून बंद करून चालू केलं होतं. आकडा शून्य झाला, पंप मंदावले, खालचा बोगदा भरला. माणसं पळत वर आली. एक आला नाही. तीन नंबरच्या पंपावरचा माणूस. फार बोलायचा नाही, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणायचे. पण पडद्यावर खाली शून्य दिसत होतं ना. मग वरिष्ठांनी लिहून टाकलं, की तो आधीच वर आला आणि बायकोला सोडून निघून गेला. त्याची बायको आमच्या दिवेघरात कामाला होती, अजूनही आहे. आम्ही तिला मावशी म्हणतो. मावशी एवढंच म्हणत राहिली, की दिवेघरात बिल्ले टांगतात तिथली त्याच्या नंबरची खुंटी रिकामी आहे, बिल्ला परत आलेला नाही, तो खालीच आहे. पडद्यापुढे तिचं कोण ऐकणार? तीन नंबरचा पंप तेव्हापासून पाण्याखाली, त्याची तारसुद्धा कापलेली.

“मला चाळीस मिनिटं द्या,” मी साहेबांना म्हटलं. “मशीन बंद न करता माळा बदलते.”

आता थोडी फुशारकी. या कामासाठी मी बरीच आधी पंधरा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तयार आज्ञा असतात, नाही असं नाही, पण त्या स्वतःच ऐन वेळी माळ्यावर जाऊन बसल्या तर काय घ्या. माझा प्रोग्रॅम आधी स्वतःला मेमरीत खिळे ठोकून बसवायचा, मग दोनच कॉल, म्हणजे मशीनला थेट हुकूम, द्यायचा. स्वॅपऑन म्हणजे ही डिस्क माळा म्हणून जोड. स्वॅपऑफ म्हणजे या माळ्यावरचं पान न् पान उतरव आणि तो सोड. काम झालं तर कॉल शून्य परत देतो, नाहीतर चुकीचा नंबर.

मी मरणाऱ्या डिस्कवर स्वॅपऑफ दिला. बारा नंबर आला. बारा म्हणजे ओट्यावर जागा नाही, एवढी पानं उतरवून ठेवू कुठे. बरोबरच होतं. आधी दुसरा माळा हवा, मग पहिला सोडायचा. मी कपाट उपसलं. नव्या डिस्क मागवून चार महिने झाले होते, त्या काही आलेल्या नव्हत्या. सगळ्यात खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळलेली, एक जुनी डिस्क निघाली. वर चिठ्ठी, आधीच्या गड्याच्या अक्षरात. ‘वापरू नये.’

का वापरू नये ते लिहिलं नव्हतं. खराब असेल, मी मनात म्हटलं. पण माझ्याकडे दुसरी होतीच कुठे? मी ती जोडली. हलकी घरघर करत फिरायला लागली, अगदी तरतरीत. आणि इथे मी चूक केली. स्वॅपसाठी डिस्क जोडायच्या आधी तिच्यावर कोरा शिक्का मारावा लागतो, म्हणजे मागचं सगळं विसरून ती रिकामी समजली जाते. गडबडीत मी शिक्का मारायचा विसरले आणि थेट स्वॅपऑन दिला, पानं आधी इथेच यावीत म्हणून वरचा अग्रक्रम देऊन. खरं तर बावीस नंबर यायला हवा होता, शिक्का नाही म्हणून. पण शून्य आला.

म्हणजे शिक्का आधीपासून होता. ही डिस्क कधीतरी याच मशीनचा माळा होती. कधी, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. तशीही काळजी नव्हती, कारण जोडताना मशीन मागचं काही मानत नाही, सगळी जागा रिकामीच धरतं. मी खात्रीला माळ्यांची यादी बघितली. नव्या माळ्याच्या पुढे, वापरलेली जागा: चार किलोबाइट.

एक पान.

मी डोळे चोळले. जोडून पाच सेकंद झाली नव्हती, अजून मशीनने तिथे काही ठेवलेलं नव्हतं. तरी एक पान जास्त. आणि ते कुणाचं, ते यादीत कुठेच नव्हतं. खोलीत एक वास यायला लागला. गंजाचा, आणि फार दिवस साठलेल्या पाण्याचा. मला वाटलं, साहेबांचे बूट ओले असतील.

विचार करायला वेळ नव्हता. मी पुन्हा स्वॅपऑफ दिला आणि या वेळी तो चालायला लागला. जुन्या माळ्यावरची पानं उतरत होती, आणि ओट्यावर जागा करायला दुसरी पानं नव्या माळ्यावर चढत होती. सहाशे चाळीस एमबी. सहाशे. साडेपाचशे. डिस्क दर थोड्या वेळाने टक करायची, अडखळायची, पुन्हा चालायची. पहिल्या आठांना लिफ्टने अजून वर आणलेलं नव्हतं. मशीन एवढ्या ओझ्याखाली मंदावलं होतं आणि पंपांना हुकूम उशिरा जात होते. खालून फोन आला. भाऊ होता.

“ताई, पाणी गुडघ्याला आलंय,” तो म्हणाला. “आम्ही रांगेत आहोत. शेवटचे आम्हीच.”

“चालत राहा,” मी म्हणाले.

तीनशे. दीडशे. चाळीस. ट्यूबलाइट एकदा विझून पुन्हा लागली. साहेब भिंतीला टेकून उभे होते. मग आकडा बारा किलोबाइटवर येऊन अडला. तीन पानं. डिस्क खर्रर्र करत एकाच जागी फिरत राहिली. कॉल परत येईना. आमच्यात याला अडकलेलं म्हणतात, प्रोग्रॅम अशा वेळी मारताही येत नाही. ती तीन पानं कशाची असणार ते मी समजून चुकले. सकाळपासून कुणी हात न लावलेली. खाली कोण कोण उतरलंय त्याची यादी.

मी काय केलं सांगू? मी त्या मशीनवर तळवा ठेवला आणि म्हटलं, “दे. दे ना बाबा.” इतकी वर्षं मशीन सांभाळलेली बाई, मशीनला लाडीगोडी लावत होते. माझ्या पायाशी फरशीवर ओलसर गार लागलं. खाली बघायचं धाडस झालं नाही...

तेव्हा पडद्यावरचा आकडा बदलला. ‘खाली: ३२.’

डबीचा टिक आवाज आलेला नव्हता. कुणीही उतरलेलं नव्हतं. मी माळ्यांची यादी पुन्हा बघितली. नव्या माळ्यावरचं ते जास्तीचं एक पान आता तिथे नव्हतं. ते मेमरीत आलं होतं. आणि पान आपण होऊन येत नाही, कुणीतरी मागितल्याशिवाय. उतरलेल्यांच्या यादीतली बत्तिसावी ओळ पडद्यावर मी वाचली. बिल्ल्याचा नंबर होता, आणि उतरल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा मला कळलं की ही डिस्क त्याच दुपारी मशीनमधून काढलेली होती.

आणि त्या ओळीच्या खाली, जिथे तीन नंबरच्या पंपापुढे वर्षानुवर्षं नुसती रेघ असायची, तिथे अक्षरं उमटली. ‘तीन नंबर: चालू. हाताने.’

“हाताने म्हणजे?” साहेबांनी कुजबुजत विचारलं.

हाताने म्हणजे पंपाशेजारी उभं राहून दांडा ओढून. तिथे छातीभर पाणी आणि ठार काळोख असणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. फोन वाजला.

“ताई,” भाऊ म्हणाला, “तीन नंबर कुणी चालू केला? इथे धडधड ऐकू येतेय... पाणी उतरतंय. खरंच उतरतंय.”

त्याच क्षणी डिस्कने एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि शेवटची तीन पानं सुटली. आठ, चार, शून्य. कॉल परत आला. शून्य. अहो, त्या शून्याएवढा सुंदर आकडा मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी मरणारी डिस्क उपसून टेबलावर ठेवली, आणि ती तिथे एकदा टक करून कायमची गप्प झाली. पंपांनी एकदम सूर धरला. मी हसत होते. साहेबांनी माझ्यापुढे चक्क हात जोडले. मी म्हटलं, आता नव्या डिस्कच्या कागदावर सही करा. त्यांनी तिथल्या तिथे केली.

मग मी बाहेर लिफ्टपाशी धावले. बाहेर लख्ख ऊन होतं. पहिले आठ आले, टिक टिक टिक. दुसरे आठ. तिसरे आठ. दिवेघराच्या दारात मावशी उभी होती, ज्याचा त्याचा बिल्ला आणि दिवा तळहातावर घेत, एकेकाच्या पाठीवर थाप मारत. शेवटच्या सातांत माझा भाऊ होता. कमरेपर्यंत चिखल, दात तेवढे पांढरे. मी त्याला आधी एक धपाटा घातला आणि मग मिठी मारली. लोक टोप्या उडवत होते, कुणीतरी मला उचलायला निघालं, मी दम दिला तेव्हा थांबलं. एकतीसच्या एकतीस वर होते. तुम्हीच सांगा, असा दिवस किती जणांच्या नशिबी येतो?

साहेब मशीनखोलीच्या दारातून बाहेर आले. त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. लोकांचा गलका हळूहळू ओसरला.

“खाली एक,” ते म्हणाले.

मी मावशीकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. नऊ वर्षं जे ती एकटी म्हणत होती, ते आता पडदा म्हणत होता, सगळ्या खाणीसमोर. ती रडली नाही. पदराने हात कोरडे केले आणि लिफ्टच्या दाराशी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात खालून घंटा वाजली. तीनदा. तीन म्हणजे माणूस चढतोय, वर घ्या.

कुणी हललं नाही. साहेब म्हणाले, की तार ओली झाली असेल, आपोआप वाजली असेल, लिफ्ट पाठवू नका. लिफ्टवाले काका सगळ्यात जुने, त्यांच्यापुढे साहेब कालचे. ते शांतपणे म्हणाले, “खालून घंटा आली की लिफ्ट जाते. माझ्या हातून आजवर कुणी खाली राहिलेलं नाही. एकदा राहिला, तेव्हा मला घंटा ऐकू आली नव्हती.” आणि त्यांनी दांडा ओढला.

लिफ्ट खाली गेली. फार वेळ गेली. दोर थरथरत राहिला. मग वर यायला लागली, हळूहळू, आणि तिच्याबरोबर तो वास, गंजाचा आणि साठलेल्या पाण्याचा. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशीवर पाणी साचलेलं, काठावरून थेंब थेंब खाली पडत होतं.

मावशीने तळहात पुढे केला. जसा त्या सकाळी एकतीस जणांपुढे केला होता, अगदी तसाच.

डबीतून आवाज आला. टिक.

मावशीची मूठ मिटली. तिच्या बोटांतून पाणी ठिबकलं. ती एवढंच म्हणाली, “आला.” आणि त्या उन्हात तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पाहिलं आणि मला रडू फुटलं. मशीनखोलीतून पंप मंदावल्याचा आवाज ऐकू आला. आकडा शून्य झाला होता. कुणीतरी भोंगा वाजवला, आणि मग सगळेच ओरडायला लागले, रडत, हसत, एकमेकांना धरून. मावशी दिवेघरात गेली आणि नऊ वर्षं रिकामी असलेल्या खुंटीवर तिने बिल्ला अडकवला. तुम्ही गेलात तर तो अजून तिथे आहे. वरिष्ठांनी लिहिलेला कागद साहेबांनी तिच्यादेखत फाडला. आम्ही जिंकलो होतो, जिवंतांनाही वर आणलं आणि त्यालाही.

गर्दी पांगल्यावर लिफ्टवाल्या काकांनी मला बाजूला बोलावलं. लिफ्टला वजनाचा काटा असतो, जास्त माणसं भरू नयेत म्हणून. त्या फेरीचं सगळ्यात जास्त वजन दाखवणारी लाल सुई, पुढच्या फेरीला काका ती शून्यावर आणेपर्यंत, जिथे असेल तिथेच थांबून राहते. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं.

“मौनीला मी रोज वर आणायचो,” ते हळूच म्हणाले. “साठ किलोचा माणूस. काडी नुसती.”

मी सुई बघितली. एकशे चाळीस.

“ओला असेल,” मी म्हणाले. “कपडे, बूट...”

काकांनी विचारलं, की बाई, बिल्ला नसलेला कोणी चढला, तर तुमचं मशीन त्याला मोजतं का?

मी म्हटलं, नाही.